तारखेशिवायचा संसार : लांबलेल्या पार्टनर व्हिसाचं एक प्रकरण

प्रकरणातलं जोडपं तिशीच्या आसपासचं. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट. तो मेलबर्नला अभियंता आणि ऑस्ट्रेलियाचा कायम रहिवासी, म्हणजे पीआर. लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा पार्टनर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन गेला आणि मंजुरी आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. हे टिपण मधल्या काळाचं आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी कुटुंब समुपदेशक आहे, व्हिसा मिळवून देणं हा माझा धंदा नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा अर्जाला सात-आठ महिने झाले होते. तक्रार अशी, की फोनवर रोज भांडण होतं आणि भांडण कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आठवत नाही. तो व्हिडिओ कॉलवरून सामील व्हायचा. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. संध्याकाळी ती मोकळी व्हायची तेव्हा तो जांभया देत असायचा. भांडणाचं निम्मं कारण या घड्याळातच होतं, पण ते सापडायला वेळ लागला.

अर्जाची बाजू

अर्ज ३०९ आणि १०० या दोन उपवर्गांचा मिळून होता. जोडीदार ऑस्ट्रेलियाबाहेर असताना अर्ज करायचा तर हाच रस्ता. आधी ३०९ हा तात्पुरता व्हिसा मिळतो. मग अर्ज भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षं झाली की नातं टिकून आहे का ते पुन्हा तपासतात आणि १०० हा कायमचा देतात. फी दोन्हींची मिळून एकदाच. त्यांनी भरली तेव्हा ती ८,८५० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. जुलै २०२५ पासून ९,३६५ झाली, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. अर्ज नाकारला किंवा मागे घेतला, तरी सहसा ती परत मिळत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका निर्णयात तो आडवा येणार आहे.

किती दिवस लागतील याचा अंदाज गृहखात्याच्या संकेतस्थळावर दोन आकड्यांत असतो: निम्मे अर्ज किती काळात निकाली निघाले, आणि दहातले नऊ किती काळात. या दोघांनी पहिला आकडा वाचला आणि तो स्वतःचा मानला. बहुतेक सगळे हेच करतात. निम्मे अर्ज अमुक महिन्यांत निघाले याचा अर्थ उरलेल्या निम्म्यांना त्याहून जास्त लागले. शिवाय हे आकडे नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांवरून काढलेले असतात आणि दर महिन्याला हलतात. त्यात तुमच्या अर्जाबद्दलचं आश्वासन काही नसतं.

दुसरा गैरसमज रांगेचा. 'आपल्यानंतर भरलेल्यांचा आला, मग आपला का नाही?' हा प्रश्न त्यांच्या घरात रोजचा होता. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्याचं कलम ५१ सांगतं की मंत्री योग्य वाटेल त्या क्रमाने अर्ज हाताळू शकतात. रेशनच्या दुकानासारखा नंबर इथे लागत नाही. एखादी फाइल पूर्ण असेल, एखाद्याच्या पार्श्वभूमीची तपासणी दुसऱ्या यंत्रणेकडे अडली असेल, एखाद्याला पोटचं मूल असेल. बाहेरून यातलं काही दिसत नाही.

विलंबाला मोठी पार्श्वभूमीही आहे. कायद्याचं कलम ८७ म्हणतं की पती-पत्नीच्या व्हिसांच्या संख्येवर कमाल मर्यादा घालता येणार नाही. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं दर साली जागांचं नियोजन ठरायचं आणि अर्ज त्याहून जास्त आले की ढीग साचायचा. २०२१ मध्ये सिनेटच्या एका समितीने कुटुंब आणि पार्टनर व्हिसांना लागणारा वेळ आणि खर्च यांची चौकशीही हाती घेतली. २०२२-२३ पासून पार्टनर व्हिसा 'मागणीनुसार' दिले जातील असं सरकारने जाहीर केलं. त्याच्याबरोबर येणारा वर्षाला ४०,५०० व्हिसांचा आकडा नियोजनासाठीचा अंदाज आहे. हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या कागदांत काही चूक नाहीये?" सात महिने हीच भीती पोटात घेऊन ती वावरत होती. विलंब म्हणजे नापसंती, हे समीकरण तिच्या मनात कधी पक्कं झालं ते तिलाही कळलं नव्हतं.

दिवसातून किती वेळा

सकाळी उठल्यावर, जेवताना, रात्री झोपण्याआधी ती इमीअकाउंटवर, म्हणजे गृहखात्याच्या ऑनलाइन खात्यावर, अर्ज कुठे आहे ते बघायची. तिथे ठरावीक शब्द असतात. आधी 'रिसीव्ड', मग कधीतरी 'फर्दर असेसमेंट', आणि निर्णय झाला की 'फायनलाइज्ड'. मधल्या शब्दावर अर्ज महिनोन्‌महिने बसून राहतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस बटण दाबतच राहतो, हे मानसशास्त्रात फार पूर्वीच दाखवून दिलेलं आहे. तिच्या इच्छाशक्तीला दोष देण्यात अर्थ नव्हता.

खातं बघू नकोस असं सांगून उपयोग होत नाही, म्हणून ते काम मी त्याला द्यायला सुचवलं. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, त्याने बघायचं. निर्णयाची ईमेल येतेच, आपण खातं उघडलं म्हणून ती लवकर येत नाही. पण यात लगेच एक गोष्ट उघडी पडली: पासवर्ड दोघांकडेही नव्हता. ती 'बघायची' ते पुण्यातल्या एका सल्लागाराने पाठवलेले स्क्रीनशॉट किंवा त्याच्या ऑफिसातल्या मुलाने सांगितलेला शब्द. अर्ज त्या सल्लागाराच्या खात्यातून गेला होता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून त्याचीच ईमेल दिलेली होती.

हे मी ठळक लिहितो, कारण भारतातून अर्ज करणाऱ्यांत हे सर्रास दिसतं. ऑस्ट्रेलियात बसून व्हिसाबद्दल सल्ला द्यायचा तर माणूस नोंदणीकृत एजंट किंवा वकील असावा लागतो आणि एजंटाचा क्रमांक सार्वजनिक यादीत तपासता येतो. ऑस्ट्रेलियाबाहेर बसलेल्याला ही सक्ती नाही. त्यामुळे 'आत ओळख आहे' असं सांगणारे खपून जातात. या सल्लागारानेही तसं सांगितलं होतं आणि 'फाइल हलवायला' वेगळे पैसे मागितले होते. ते दिले गेले नाहीत हे नशीब.

गृहखात्याकडून माहिती मागणारं पत्र आलं तर उत्तराला साधारण २८ दिवस असतात. पत्र दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं तरी दिवस मोजले जातातच. दोघांनी फॉर्म ९५६ भरून सल्लागाराची नेमणूक संपवली, पत्रव्यवहारासाठी स्वतःचा पत्ता दिला आणि संदर्भ क्रमांक वापरून अर्ज आपल्या इमीअकाउंटमध्ये आणला. हे एका शनिवारचं काम. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम हेच होतं. त्यातून निर्णय लवकर आला असं नाही, पण फाइल त्यांच्या हातात आली.

"काय गं, आलं का तुझं?"

लग्नानंतर ती सासरी राहत होती. सासर पुण्यातच, माहेर सांगलीला. नवरा परदेशात आणि सून सासू-सासऱ्यांबरोबर, ही मांडणी घरातल्या कुणीच 'काही महिन्यांपुरती' यापलीकडे धरली नव्हती. सासूबाई चांगल्या होत्या, आणि त्यामुळेच प्रकार अवघड होता. त्या रोज सकाळी चहाबरोबर विचारायच्या, "काय गं, आलं का तुझं?" त्यात काळजी होती. पण हाच प्रश्न मावशी, आत्या, सोसायटीतल्या काकू आणि दवाखान्यातले पेशंट विचारायला लागले की त्याचा अर्थ बदलतो. एका लग्नात कुणीतरी तिला म्हणालं, "अजून इथेच?" तिने त्यानंतर समारंभांना जाणंच सोडलं.

माहेरचं वेगळंच. आईला वाटायचं, नवरा जवळ नाही तर मुलीने सांगलीला येऊन राहावं. सासूबाईंना वाटायचं, लोक काय म्हणतील. दोन्हीकडच्या माणसांना तिची काळजी होती आणि तिला कुठेच बसायला जागा नव्हती. अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशनाच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा अवस्थांचा अभ्यास केला आहे. माणूस गेलेलाही नाही आणि जवळही नाही, त्यामुळे शोकही करता येत नाही आणि संसारही. त्यांचा भर यावर, की गोंधळ त्या परिस्थितीतच असतो, सोसणाऱ्या माणसात काही बिघडलेलं नसतं. हे सासऱ्यांना मराठीत समजावून सांगितलं तेव्हा त्यांना ते चटकन कळलं. त्यांचा थोरला भाऊ गलबतावर नोकरीला होता आणि वहिनीची वर्षं त्यांनी पाहिली होती.

उपाय त्यांनीच काढला. निवृत्त माणूस, नेमकं बोलणारा. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना एकदाच सांगितलं: "व्हिसाबद्दल विचारायचं तर मला विचारा. सांगण्यासारखं झालं की मीच फोन करीन." सासूबाईंना त्यांनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण सकाळचा प्रश्न बंद झाला. समुपदेशनाच्या पुस्तकांत 'सीमा आखणे' या नावाखाली पानंच्या पानं असतात. आपल्या घरांत सुनेने सीमा आखली तर ती उद्धट ठरते, सासऱ्यांनी आखली तर शिस्त ठरते. हे न्याय्य नाही. पण चालतं, आणि त्या वेळी चालण्याची गरज होती.

राहण्याचा प्रश्नही त्याच बैठकीत सुटला. महिन्यातले ठरावीक दिवस सांगली, बाकी पुणे, आणि कुणाची परवानगी मागायची नाही.

कागदावरची यादी

खरं काम झालं ते एका यादीवर. मी दोघांना वेगवेगळं बसून, व्हिसासाठी थांबवून ठेवलेली प्रत्येक गोष्ट लिहायला सांगितली. दोन्ही याद्या समोर ठेवल्या तेव्हा दोघंही थोडा वेळ गप्प होते.

तिने नोकरी सोडलेली होती. अर्जानंतर तिसऱ्याच महिन्यात, कारण नवऱ्याच्या एका मित्राच्या बायकोचा व्हिसा पाच महिन्यांत आला होता. स्कूटरचा विमा तिने भरला नव्हता, कारण स्कूटर विकायचीच होती. दाताचं काम अर्धवट होतं. ऑस्ट्रेलियात काम करण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेचा अर्ज भरला नव्हता, 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून. त्याने मेलबर्नला दोन बेडरूमचं घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं आणि एकटा एका खोलीत राहत होता. नागरिकत्वाचा अर्ज राहिला होता. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सुनेच्या जाण्याच्या तारखेभोवती दोनदा पुढे ढकलली होती. आणि दोघांच्याही यादीत शेवटची ओळ होती: मूल.

प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लावला. ही गोष्ट व्हिसाच्या मंजुरीशिवाय *होऊच शकत नाही*, की मंजुरी जवळ आली असं आपण धरून चाललो म्हणून थांबली आहे? पहिल्या प्रकारात फक्त एकत्र कायमचं राहणं आणि तिची तिकडची नोकरी उरली. बाकी सगळं दुसऱ्या प्रकारातलं. माझं म्हणणं या प्रकरणापुरतं एवढंच आहे: विलंबाने त्यांचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त 'पुढच्या महिन्यात येईल' या गृहीतकाने केलं. विलंब त्यांच्या हातात नव्हता. गृहीतक होतं.

मग एकेक ओळ सोडवली. तिने एका क्लिनिकमध्ये अर्धवेळ काम धरलं, नोटीस एक महिन्याची, सोबत घरी जाऊन द्यायचे उपचार. फिजिओथेरपीच्या परदेशी पदवीची पारख ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिल करते. आधी पात्रता, मग लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष रुग्णांसोबतची परीक्षा. यातली फक्त शेवटची ऑस्ट्रेलियात जाऊन द्यावी लागते, आधीच्या पायऱ्या भारतातून चढता येतात. तिने तो अर्ज भरला आणि संध्याकाळी अभ्यासाला बसू लागली. घड्याळाची भांडणं इथे अचानक कमी झाली, कारण 'तू फोन का नाही केलास' याला आता खरं उत्तर होतं. फोनची वेळ त्यांनी सकाळी हलवली. ती उठायची तेव्हा त्याचा जेवणाचा डबा उघडलेला असायचा.

त्याने दुसरी खोली एका सहकाऱ्याला दिली. यावर तो बरेच दिवस अडला होता: घरात दुसरा माणूस आहे हे कळलं तर खातं नात्यावर शंका घेईल का? नवरा-बायको वेगळ्या देशांत असताना नवऱ्याने भाडं वाटून घेण्यात संशयास्पद काही नाही. बदललेला भाडेकरार अपलोड केला, विषय संपला.

नागरिकत्वाचं गणित जास्त नाजूक होतं आणि ते त्यांनी आधी मांडलंच नव्हतं. सर्वसाधारण अट अशी: अर्जाआधीची चार वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआर म्हणून. चार वर्षांत मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर नको, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त नको. लग्नासाठी तो दोन महिने भारतात होता. म्हणजे २०२४ मध्ये बायकोला भेटायला येण्याचा प्रत्येक आठवडा त्या ९० दिवसांतून वजा होत होता. 'तू येत का नाहीस' या भांडणामागे हे न सांगितलेलं गणित होतं. त्याने ते का सांगितलं नाही? तिला हिशेबी वाटेल म्हणून. कॅलेंडर दोघांसमोर आल्यावर तिनेच सुचवलं की दिवाळीला छोटी खेप कर, नागरिकत्वाचा अर्ज टाक आणि त्यानंतर सावकाश ये.

मुलाच्या प्रश्नावर मी सल्ला दिला नाही, फक्त नियम मांडले, कारण ऐकीव माहितीवर दोघं मोठा निर्णय घेत होते. बाळ ऑस्ट्रेलियात जन्मलं आणि आई-वडिलांपैकी एक पीआर किंवा नागरिक असेल तर ते जन्माने नागरिक. भारतात जन्मलं आणि वडील त्या वेळी नुसते पीआर असतील तर बाळाला व्हिसा लागतो. आईच्या अर्जाचा निर्णय व्हायचा असेल तर बाळाला त्यातच सामील करता येतं, खात्याला कळवावं मात्र लागतं. वडील जन्माआधी नागरिक झालेले असतील तर वंशाने नागरिकत्व मिळवता येतं. म्हणजे हा प्रश्न ते समजत होते तितका तिच्या व्हिसावर टांगलेला नव्हता, त्याच्या नागरिकत्वाशीही तो तेवढाच बांधलेला होता. दोघांनी काय ठरवलं ते त्यांचं. ठरवताना 'व्हिसा आल्यावर' हे शब्द वापरले नाहीत, इतकं मला माहीत आहे.

सासूबाईंचा गुडघा जानेवारीत झाला. सून फिजिओथेरपिस्ट असल्याचा घरात पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला, असं सासरे म्हणाले.

बारा महिन्यांनी शिळं होणारं

थांबण्याच्या काळात अर्ज आपोआप ताजा राहत नाही, हे या प्रकरणातलं दुसरं मोठं शिक्षण. पोलिसांचं प्रमाणपत्र, म्हणजे पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पीसीसी, आणि वैद्यकीय तपासणी सहसा बारा महिने धरली जातात. सल्लागाराने दोन्ही सुरुवातीलाच उरकून घेतली होती. २०२५ च्या सुरुवातीला दोन्ही शिळी झाली. वैद्यकीय तपासणी खात्याने मागितल्याशिवाय पुन्हा करू नये असं मी म्हणेन, खर्च होतो आणि ती पुन्हा शिळी होते. पीसीसीचं मात्र आधीपासून डोक्यात ठेवावं, कारण पोलीस पडताळणीला कधी कधी वेळ लागतो आणि हातात असतात ते २८ दिवस.

यांच्या बाबतीत गुंता वाढवला तो पासपोर्टने. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचा जुना पासपोर्ट संपत होता. नवा काढताना घरच्यांच्या म्हणण्यानुसार नाव बदललं: वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. पदवी, भारतातली व्यावसायिक नोंदणी, पहिलं पीसीसी आणि व्हिसाचा अर्ज, सगळं माहेरच्या नावावर. एका रात्रीत ती कागदावर दोन बायका झाली. यात बेकायदा काही नाही. पण कायद्याच्या कलम १०४ नुसार परिस्थितीतला बदल खात्याला कळवावा लागतो, आणि व्हिसा पासपोर्ट क्रमांकाला जोडलेला असल्याने नवा पासपोर्ट न कळवणं महागात पडू शकतं. त्यांनी इमीअकाउंटमधून नाव आणि पासपोर्टचा बदल कळवला, विवाह नोंदणीचा दाखला जोडला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं आणि नवं पीसीसी नव्या नावाने काढलं. माझं मत विचाराल तर अर्ज चालू असताना नाव बदलू नये. सासरचं नाव लावायचंच असेल तर मंजुरीनंतर भरपूर वेळ असतो.

नात्याच्या पुराव्यांचं काम याच काळात सुधारलं. कायदा चार बाजू पाहतो: पैशांचे व्यवहार, घरगुती जीवन, लोकांत ओळख, आणि एकमेकांप्रति बांधिलकी. सल्लागाराने व्हॉट्सअॅपच्या चॅटचे ढीग जोडले होते. 'जेवलीस का' आणि 'हो' अशी शेकडो पानं वाचून अधिकाऱ्याला काय कळणार? त्याऐवजी दर तिमाहीला एक पान, असं ठरलं. त्यात भेटींचे बोर्डिंग पास आणि दोन-तीन फोटो, त्याने पाठवलेले पैसे आणि ते कशाला लागले याची एक ओळ. त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या बँक खात्यात, जवळचा नातेवाईक म्हणून तिचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' (आधी तो, त्याच्या पश्चात ती) पद्धतीने जोडलं. तिकडच्या सुपरअॅन्युएशनमध्ये, म्हणजे निवृत्तिनिधीत, त्याने तिला वारस नेमलं. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर नातेवाईक म्हणून सुनेची सही होती, तीही लावली. एकत्र न राहिलेल्या जोडप्याचं घरगुती जीवन दाखवणं अवघड असतं आणि त्या एका सहीने ते बरंच दाखवलं, असं मला वाटतं.

दार ठोठावण्याचे प्रकार

वर्ष उलटलं तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याचा आग्रह: ३०९ मागे घे, पर्यटक म्हणून ये आणि इथून ८२० भर. ऑस्ट्रेलियात असताना भरायचा हा पार्टनर व्हिसा, त्यात अर्ज चालू असताना ब्रिजिंग व्हिसावर राहता येतं, कामही करता येतं. ऐकायला सोपं. पण फी नव्याने, पाच लाखांच्या वर. शिवाय पर्यटक व्हिसावर '८५०३' ही अट लागली, म्हणजे पुढचा मुक्काम नाही, तर तिथून नवा अर्जच भरता येत नाही. तिच्या पर्यटक व्हिसावर नेमकी तीच अट आली. आधी ठरवून ३०९ मागे घेतला असता तर दोन्हीकडून गेलं असतं.

पर्यटक व्हिसा मात्र त्यांनी वापरला आणि तो वापरावाच. पूर्वी ३०९ च्या मंजुरीच्या क्षणी अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेर असणं बंधनकारक होतं. कोविडच्या काळात त्यात सवलत दिली गेली आणि नोव्हेंबर २०२३ पासून ती अट कायमची गेली. आता अर्ज बाहेरून केला असेल तर मंजुरी आत असतानाही मिळते, ८५०३ त्याच्या आड येत नाही. भेटीवर असताना नोकरी करता येत नाही आणि मेडिकेअर, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही, म्हणून प्रवासाचा आरोग्य विमा घ्यावा लागतो.

तक्रारीचे मार्गही पाहिले. खात्याचा अभिप्राय-तक्रार फॉर्म असतो, त्यानंतर कॉमनवेल्थ ओम्बुड्समन, म्हणजे सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी पाहणारा अधिकारी. प्रायोजक, म्हणजे इथे नवरा, स्थानिक खासदाराच्या कार्यालयाकडे विनंती करू शकतो. शेवटचा मार्ग न्यायालय. निर्णयाला गैरवाजवी विलंब झाला तर न्यायालय तसं ठरवू शकतं, नागरिकत्वाच्या अर्जांबाबत २०१६ मध्ये तसा निकाल झालेला आहे. पण न्यायालय 'निर्णय घ्या' असं सांगतं, 'मंजूर करा' असं नाही, आणि वकिलाचा खर्च व्हिसाच्या फीला लाजवतो. अर्ज 'दहातले नऊ' या मर्यादेच्या आत असेल तर यातल्या कशानेच सहसा हालचाल होत नाही. त्याने खासदाराच्या कार्यालयाला लिहिलं. सभ्य उत्तर आलं: अर्ज प्रक्रियेत आहे, तुमच्याकडून काही येणं बाकी नाही. तो चिडला. तिने मात्र ते पत्र छापून ठेवलं. फाइल हरवलेली नाही हे कुणीतरी पहिल्यांदाच लिहून दिलं होतं.

मंजुरी आणि त्यानंतर

२०२५ च्या मध्याला नवं पीसीसी आणि वैद्यकीय तपासणी मागणारं पत्र थेट त्यांच्या ईमेलवर आलं. पीसीसी तयार होतं, तपासणीची वेळ दोन दिवसांत मिळाली आणि २८ दिवसांच्या बऱ्याच आधी उत्तर गेलं. त्यानंतर पुन्हा शांतता. या शांततेत दोघं आधीच्यापेक्षा बरे होते, पण शांत होते असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरात एक मोठं भांडण झालं आणि त्यात व्हिसाचा संबंध नव्हता. ती म्हणाली, "निदान हे आमचं स्वतःचं होतं."

नोव्हेंबरात ती दुसऱ्यांदा मेलबर्नला भेटीवर असताना मंजुरी आली. परतीचं तिकीट होतं आणि ती परतलीही, कारण क्लिनिकला एक महिन्याची नोटीस द्यायची होती आणि सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्याची तारीख ठरलेली होती. सगळं आटोपून मग ती गेली.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्जाला दोन वर्षं झाली, म्हणजे ३०९ हातात येऊन तीनच महिने होतात तोच १०० च्या टप्प्याची वेळ. पहिला टप्पा जितका लांबतो तितका दुसरा जवळ येतो. त्यासाठी लागणारे तिमाही कागद त्यांच्याकडे रचून तयार होते, नवीन जोडायचं ते फक्त एका पत्त्यावरचं भाडेकरार आणि वीजबिल. सहकारी दुसरं घर बघतो आहे. तिची प्रत्यक्ष परीक्षा व्हायची आहे, आणि ती पास होईपर्यंत तिला फिजिओथेरपिस्ट म्हणून पूर्ण नोंदणी मिळत नाही. या नव्या वाट पाहण्याबद्दल तिने मला कळवलं ते एका ओळीत: यादी पुन्हा केली आहे, यावेळी तुम्हाला न विचारता.